मी उठवलेली पंगत

मी एकदा ब्रिटिश पार्लमेंटच्या खासदारांना बसल्या जागेवरून उठवलं आणि वयाप्रमाणे पुन्हा बसवलं. शनिवारी दुपारी हात घातला, सोमवारी चहाच्या वेळेपर्यंत सगळे बसले होते. चार खोकी भरून खासदार, सगळे एकोणिसाव्या शतकातले. एकानेही हूं की चूं केलं नाही, कारण सगळे मेलेले होते. त्या कामात जिवंत माणूस एकच होतं आणि त्याचं पित्ताशय त्याच आठवड्यात काढलेलं होतं, त्यामुळे त्यालाही तेव्हा काही बोलता आलं नाही.

मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याची बी.ए., इतिहास घेऊन. आपलं चुकू शकतं, ही शक्यता तोवर मला कुणी दाखवली नव्हती.

आम्हाला लीड्सला येऊन दोन वर्षं झाली होती. हे हॉस्पिटलात होते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. या वयात ती कशाला मोडायची, म्हणून इथेही ते 'हे'च. ह्यांची पोस्ट होती सीनियर हाउस ऑफिसरची. ते ऐकून माझ्या वडिलांनी पुण्यात पेढे वाटले होते. इथे आल्यावर कळलं, की सीनियर म्हणजे तळापासून दुसरी पायरी. पुण्यात ह्यांनी सहा वर्षं डॉक्टरकी केली होती. ती सहा वर्षं बोटीवरून उतरलीच नाहीत. ह्यांच्या वरचा डॉक्टर, त्याला रजिस्ट्रार म्हणत, ह्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, त्याच्या गालावर अजून पुटकुळ्या यायच्या. तो ह्यांना कामं सांगायचा आणि हे करायचे. ह्यांना त्याचं काही वाटत नसे, म्हणून दोघांच्या वाटणीचं मला वाटायचं.

नोकरी मला लायब्ररीतल्या एका चिठ्ठीवरून लागली. युनिव्हर्सिटीतल्या एका बाईंना कार्डं लिहायला आणि टाइप करायला मदतनीस हवी होती, आठवड्यातून तीन दिवस. मी इस्त्रीची साडी नेसून, वर कोट घालून गेले. बाई उंच होत्या, साठीला टेकलेल्या, कार्डिगनच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. मी त्यांना मनात 'बाई'च म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. समोर 'मिस' आणि पुढे आडनाव.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. 'हाउसबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का?'

मी म्हटलं, 'हो, माझे मिस्टर सीनियर हाउस ऑफिसर आहेत.'

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला सोमवारपासून यायला सांगितलं. पुढे त्यांनी कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, की या मुलीला विनोदबुद्धी आहे, म्हणून घेतली. मी तो गैरसमज आजवर दूर केलेला नाही. हाउस म्हणजे हाउस ऑफ कॉमन्स, हे मला बुधवारी कळलं. तोवर 'फादर ऑफ द हाउस' म्हणजे हॉस्पिटलातले पाद्री असणार, असं मी धरून चालले होते.

बाईंचं काम असं होतं: एकोणिसाव्या शतकात जे खासदार वीस वर्षांहून जास्त काळ सलग हाउसमध्ये बसले, त्या सगळ्यांची ज्येष्ठतेनुसार यादी. कोण कोणाच्या आधी, कोण कोणाच्या मागे. त्यातला सगळ्यांत पुढचा तो फादर ऑफ द हाउस. प्रत्येक खासदाराचं एक कार्ड, आणि कार्डं बुटांच्या चार खोक्यांत. बाईंनी या कामात अकरा वर्षं घातली होती. उन्हाळ्यात लंडनला जायचं, शपथ घेतल्यावर खासदार ज्यांवर सही करत ते जुने कागद मागवायचे, आणि पेन्सिलीने उतरवायचं, कारण तिथे शाई न्यायला बंदी होती.

त्यांना हे काम घाईने संपवायचं होतं. सप्टेंबरअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि खोली जाणार होती. यादी ऑगस्टअखेर छापखान्यात गेली तर पुस्तक निघणार. नाही गेली तर छापणारे दुसरं काहीतरी हातात घेणार होते. खोली ज्याला मिळणार होती तो तरुण प्राध्यापक एकदा मोजपट्टी घेऊन आला, खिडकीखाली मापं घेतली, टेबलासाठी खडूने खूण केली आणि जाताना 'सॉरी' म्हणाला. बाईंनी खोकी जरा सरकवून त्याला जागा करून दिली. बाई स्वतः मधली चार वर्षं आईच्या आजारपणात घरी होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी त्यांच्या वरच्या जागांवर होते. हे त्यांनी मला सांगितलं नाही, तिथल्या सेक्रेटरीने सांगितलं.

हाउसमधली ज्येष्ठता कशी मोजायची हे मात्र बाईंनी मला पहिल्याच सोमवारी समजावून सांगितलं होतं. बिस्किट चहात बुडवता बुडवता, यॉर्कशरच्या उच्चारात. मी मान हलवत होते. आपली ती मान हलवण्याची पद्धत, जिचे हो, नाही आणि ऐकतेय असे तिन्ही अर्थ होतात, ती मी त्या दिवशी पुरेपूर वापरली. त्यातलं मला 'सीनियर' तेवढं कळलं. सीनियर म्हणजे ज्येष्ठ, ज्येष्ठ म्हणजे वयाने मोठा. ज्याच्या घरी ज्येष्ठ माणसं आहेत त्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही, असं मला वाटलं.

मे महिन्याच्या शेवटी बाईंना अचानक ऑपरेशनला न्यावं लागलं. जाताना चिठ्ठी ठेवून गेल्या: कार्डं सीनियॉरिटीने नीट लागली आहेत ना ते पाहून ठेवा, मी आले की टायपिंग सुरू करू. व्हिटसन या तिथल्या सणाची सुट्टी होती, डिपार्टमेंट मंगळवारी उघडणार होतं. मी चारही खोकी चौकटीच्या कापडाच्या शॉपिंग ट्रॉलीत घातली, बसने घरी आणली आणि शुक्रवारी संध्याकाळी पहिलं उघडलं.

पाहते तर सगळा गोंधळ. बावीस-बावीस वर्षांची पोरं पुढे आणि पासष्टीचे गृहस्थ मागे. एका पोराच्या वडिलांच्या मालकीचं गावच होतं, ते गाव त्याला वयात येताच निवडून देत होतं, आणि तो सगळ्यांच्या आधी. वीस वर्षं सैन्यात काढलेला कर्नल पार मधे कुठेतरी. मला बाईंची फार कीव आली. अकरा वर्षं एकटीने काम केलं की माणसाचं असंच होतं, म्हटलं. बिचाऱ्या थकल्या. आणि कर्नलचं कार्ड हातात धरून मला त्या पुटकुळ्यावाल्या रजिस्ट्रारची आठवण झाली. हॉस्पिटलात मला काही करता येत नव्हतं. पार्लमेंट माझ्या हातात होतं.

घरात तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. नातवाचं तोंड बघायला म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नातू अजून निघालाच नव्हता, त्यामुळे त्यांना रिकामा वेळ खूप होता. मराठी चौथी शिकलेल्या. इंग्रजी अक्षर येत नसे, पण इंग्रजी आकडे त्या लीड्सच्या बसवरून आठवड्यात शिकल्या होत्या आणि एकट्या मार्केटात जाऊन कोथिंबीर मिळत नाही असं सांगत परत येत. शुक्रवारी रात्री जेवताना मी सगळ्यांना माझा बेत सांगितला. हे म्हणाले, 'आधी विचारून घे.' मी म्हटलं, त्या पोटाला टाके घालून पडल्या आहेत, त्यांना काय विचारायचं. सासूबाईंनी सगळ्यांना ताक वाढलं.

शनिवारी सकाळी मी आणि हे बाजारहाट करून, लाँड्रेटमधल्या मशीनमधे कपडे धुऊन आलो, आणि दुपारी मी कार्पेटवर पंगत मांडायला घेतली. मी कार्ड काढायचं, जन्मसाल दाखवायचं, सासूबाईंनी ते त्या दशकाच्या गठ्ठ्यावर ठेवायचं. त्यांचा हात भराभर चालायचा. मधेच एक कार्ड त्यांनी हातात धरून ठेवलं.

'हा घरात कधी आला?'

'कोणत्या घरात?'

'ह्यांच्या त्या घरात. हाउसात.'

मी सांगितलं, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, वय बघायचं.

'मग तू माझ्याकडे थोरली कशी? धाकटी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.'

ते खरं होतं. माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती आणि मला 'वहिनी' म्हणून वाकून नमस्कार करायची, कारण मी आधी माप ओलांडून आले होते आणि थोरल्याची बायको होते. संक्रांतीला पहिलं हळदीकुंकू मला लागायचं. मला त्यात कधी काही गैर वाटलं नव्हतं.

'ते वेगळं, आई,' मी म्हटलं. 'हे पार्लमेंट आहे.'

सासूबाईंनी कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.

त्या संध्याकाळी एका डॉक्टरांकडे सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मला माझी आयब्रो पेन्सिल सापडेना. पर्स पाहिली, ड्रॉवर पाहिले, ह्यांचे खिसे पाहिले. शेवटी भुवया कोऱ्या ठेवूनच गेले आणि रात्रभर आपल्याकडे सगळे बघतायत असं समजून बसले. कुणी बघत नव्हतं. हे मला आता कळतं. सव्वीसाव्या वर्षी आपल्या भुवया हा सार्वजनिक प्रश्न असतो.

सोमवारी काम संपलं. मंगळवारी खोकी परत नेली, खोक्यांना नवीन लेबलं लावली, आणि पुढचे तीन आठवडे मी बाईंच्या चेहऱ्यावरच्या आनंदाची वाट पाहण्यात घालवले.

बाई काठी टेकत आल्या. कोट न काढताच त्यांनी पहिलं खोकं ओढलं. पहिलं कार्ड पाहिलं, दुसरं पाहिलं, मग बोटाने पुढची दहा-बारा भराभर. मग दुसरं खोकं. मी हात पुढे बांधून उभी होते, बक्षीस समारंभात उभं राहतात तशी.

'तुम्ही यांना वाढदिवसाप्रमाणे लावलंय,' बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, हो, खूप चुका होत्या.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यांनी किटली लावली, मला बसवलं आणि पहिल्या सोमवारी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. वयाचा संबंध नाही. पहिली शपथ ज्या दिवशी घेतली तो दिवस धरायचा. मधे पडला, एक वर्ष बाहेर राहिला, तर आधीची सगळी वर्षं गेली. परत आला की रांगेच्या शेवटी. त्यावर मी ह्यांची सहा वर्षं आणि बाईंची चार वर्षं एकदम आठवून खाली बघितलं. कार्डांवर शपथेची तारीख होतीच, त्या म्हणाल्या, तेव्हा ती रांग पुन्हा लावता येईल. प्रश्न तो नव्हता. निवडणूक झाली की एकाच दिवशी शंभर-शंभर जण शपथ घेत. त्या शंभरात आधी सही कुणाची आणि मागून कुणाची, हे कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त कार्डांच्या क्रमात होतं.

'त्यासाठीच मी सात उन्हाळे लंडनला जात होते,' बाई म्हणाल्या.

चहात दूध घालायला त्या विसरल्या आणि तसाच प्यायल्या. आता त्यांना जिने चढता येत नव्हते, लंडनचे तर नाहीच. मी म्हटलं मी जाते, रोज जाते, सुट्टीत जाते. बाई म्हणाल्या, सात उन्हाळे दोन महिन्यांत बसत नाहीत. ते त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला रडायलाही जागा राहिली नाही. खिडकीखाली त्या प्राध्यापकाने खडूने केलेली टेबलाची खूण तशीच होती.

मग बाईंनी एक कार्ड उजेडात धरलं. 'आणि यांना बुरशीही लागलीय,' म्हणाल्या.

कार्डाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, काळसर-तपकिरी फरकाटा होता. मी कार्ड घेतलं. ती बुरशी नव्हती. ते ३४७ होतं. वळणदार, शाळेच्या पाटीवरचं, आणि माझ्या आयब्रो पेन्सिलचं.

मी पुढचं कार्ड उलटं केलं: १२. त्याच्या पुढचं: ५८०. सगळी उलटी केली. प्रत्येकावर आकडा होता. ज्या कार्डावर १ होता, त्यावर आकड्याच्या वर 'श्री' होतं. आमच्या सासूबाई लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी आणली, की वापरायच्या आधी प्रत्येकाच्या बुडाला खडूने आकडा घालायच्या, म्हणजे कार्य उरकल्यावर ज्याचं पातेलं त्याच्या घरी जातं. शनिवारी सकाळी मी लाँड्रेटमधे कपडे गोल फिरताना बघत बसले होते, तेव्हा त्यांनी कार्डं जशी होती तशी, एकामागून एक, हाउस ऑफ कॉमन्सला आकडे घातले होते.

मी बाईंना सांगायला लागले आणि इंग्रजी क्रियापदं सापडेनात. शेवटी मी कागदावर एक ते दहा लिहून दाखवलं. बाईंनी लगेच ते आकडे शिकायला घेतले. पण इंग्रजी नजरेला आपला एक म्हणजे नऊ, चार म्हणजे आठ आणि सात म्हणजे उलटा सहा. पहिल्या तासात त्यांनी एका पंतप्रधानाला चारशे जणांच्या मागे टाकलं. मग मी आकडे वाचायचे आणि त्यांनी कार्डं लावायची असं ठरलं. दोन दिवस लागले. माझ्या आयुष्यात मी मराठी आकडे इतक्या जपून कधी वाचले नाहीत. ५१२ दोन निघाले, फक्त तेवढंच. त्या दोघांबद्दल बाईंनी लंडनला पत्र टाकून विचारून घेतलं.

'श्री'कडे बोट करून त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, देवाचं नाव, कुठलंही काम सुरू करताना लिहितात. बाई म्हणाल्या, 'अगदी बरोबर. हाउसचं कामकाजही प्रार्थनेनेच सुरू होतं.'

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली, बहुधा माझा चेहरा बघून. एकोणिसाव्या शतकात फादर ऑफ द हाउस कोणाला म्हणायचं याबद्दल तिथल्याच लोकांचा गोंधळ असे. काही जण सगळ्यांत म्हाताऱ्यालाच म्हणत. म्हणजे माझी चूक निदान शंभर वर्षं जुनी होती. मी हे घरी सांगितलं. हे म्हणाले, 'चुकीतसुद्धा तू ज्येष्ठच.'

यादी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छापखान्यात गेली. त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी प्रस्तावनेचं शेवटचं पान माझ्याकडून टाइप करून घेतलं. त्यात आभार होते, आणि तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, तुमची सात महिने मदत झाली, तुमच्या सासूबाईंची एक सकाळ. पण नावं क्रमाने द्यायला हवीत. त्या घरात कोण आधी आलं? मी म्हटलं, त्या, माझ्या छत्तीस वर्षं आधी. मग झालं, म्हणाल्या. मी माझ्या हाताने सासूबाईंचं नाव वर टाइप केलं, त्याखाली माझं. खरं सांगायचं तर मला ते लागलं. सात महिने मी तिथे हात काळे केले होते. त्यांनी फक्त माझी पेन्सिल काळी केली होती.

त्या पानाची एक कार्बन कॉपी बाईंनी सासूबाईंना पाकिटात घालून दिली. मी वाचून दाखवली. 'तुझं नाव कुठाय?' त्यांनी विचारलं. खाली, मी म्हटलं. त्यांनी पानाच्या त्या भागाकडे बघून मान डोलावली आणि पाकीट ट्रंकेत तळाशी, शालूच्या घडीत ठेवलं.

ऑक्टोबरात त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. सबंध उन्हाळा मी त्यांना एक गोष्ट विचारली नव्हती, कारण उत्तर मला ऐकायचं नव्हतं. हे सामानाची रांग कुठे ते बघायला गेले, आम्ही दोघीच बाकावर उरलो, तेव्हा म्हटलं आता नाही विचारलं तर पत्राने विचारावं लागेल, आणि पत्र सगळं घर वाचतं.

'आई, त्या दिवशी तुम्ही मला सरळ सांगितलं का नाहीत?'

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी नीट केली.

'सांगितलं की गं. तू म्हणालीस, ते वेगळं. मला आधीच माहीत होतं तू असंच म्हणणार. तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा हजार आकडे घालणं सोपं.'